भंगारातला लॅपटॉप, इंटरनेटशिवायचा ज्ञानकोश: आलापल्लीच्या पुढच्या गावांना याचा खरंच उपयोग होईल का?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० या प्रणालीला मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. पण विंडोज ११ च्या अटींमध्ये न बसणारे असंख्य चालू लॅपटॉप आणि डेस्कटॉप कार्यालयांच्या हिशेबात 'जुने' झाले. कॅनालिस या संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज वर्तवला होता, की या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट कंपनीसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था आणि दुर्गम गावांपर्यंत इंटरनेट नेणं हा त्याचा उद्देश सांगण्यात आला.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही, असं वाटेल. पण एका जुन्या कल्पनेच्या दोन बाजू त्यांत आहेत. शहरात टाकून दिलेले संगणक आणि फोन दुरुस्त करायचे, त्यांत अख्खा विकिपीडिया, शब्दकोश आणि पाठ्यपुस्तकं भरायची आणि जिथं नेट पोहोचत नाही अशा गावांत ते ठेवायचे, ही ती कल्पना. पहिली बातमी सांगते की यंत्रं भरपूर मिळतील. दुसरी विचारते की नेटच येणार असेल तर मग ही यंत्रं हवीत कशाला?

उत्तर शोधायला गडचिरोलीतल्या आलापल्लीइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

आलापल्लीच का?

अहेरी तालुक्यातलं आलापल्ली सागवानासाठी ओळखलं जातं. इथल्या 'वनवैभव' या राखीव जंगलाला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आणि अयोध्येच्या राम मंदिरासाठी गेलेलं सागवान याच पट्ट्यातलं. पण या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते आलापल्लीचं चौरस्ता असणं. एक रस्ता आष्टीमार्गे चंद्रपूर-गडचिरोलीकडे, एक सिरोंचाकडे, एक एटापल्लीकडे आणि एक हेमलकसामार्गे भामरागडकडे जातो. गडचिरोली हे जिल्ह्याचं ठिकाण इथून शंभराहून अधिक किलोमीटरवर. आतल्या गावांतला माणूस बाजाराला, बँकेला, मोबाइल दुरुस्तीला याच रस्त्यांनी बाहेर येतो आणि माल इथूनच आत जातो.

फोन आलापल्लीत आहेत, नेटही आहे. प्रश्न सुरू होतो तो इथून आत गेल्यावर.

गेल्या काही वर्षांत चित्र बदललं आहे, हे आधी मान्य करायला हवं. केंद्रीय मंत्रिमंडळानं जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० नेटवर्क नसलेल्या गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नक्षलग्रस्त भागातले जुने टू-जी टॉवर फोर-जी करण्याची योजना त्याआधी एप्रिलमध्ये मंजूर झाली होती. १ जानेवारी २०२५ ला एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडापर्यंत एसटी पोहोचली, तेव्हा स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा, अशा शब्दांत त्याची बातमी झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती आपल्या साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. रस्ता, बस आणि टॉवर हे तिन्ही या भागात सुरक्षेच्या परिस्थितीशी बांधलेले आहेत आणि ती परिस्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही.

तरीही टॉवर उभा राहणं आणि नेट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॉवरला वीज लागते, वीज गेली की बॅटरी लागते, बॅटरी संपली की डिझेल लागतं आणि डिझेल रस्त्यानं येतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडचा संपर्क तुटतो. हे दर वर्षी, कधी एकाच पावसाळ्यात अनेकदा घडतं. शिवाय जुलै २०२४ मध्ये सगळ्या खासगी कंपन्यांनी मोबाइलचे दर वाढवले. घरात एकच फोन, त्यातला रोजचा डेटा ठरलेला, आणि तो आधी व्हॉट्सॲप, व्हिडिओ आणि पैसे पाठवण्यात जातो. शाळेतल्या मुलीला प्रकाशसंश्लेषणावर दोन पानं वाचायची असतील, तर त्या डेटात तिचा नंबर कितवा लागतो, हे सांगायला नको.

म्हणजे नेटशिवायचा कोश नेटची जागा घ्यायला येत नाही. घरी नळ आला तरी आपण माठ भरून ठेवतोच, तसा त्याचा उपयोग.

इंटरनेटशिवाय विकिपीडिया चालतो कसा?

यामागचं तंत्र २००७ पासून उपलब्ध आहे आणि फुकट आहे. त्याचं नाव किविक्स. इमॅन्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोदां या दोघांनी ते सुरू केलं. आता स्वित्झर्लंडमधली एक ना-नफा संस्था ते चालवते. कल्पना साधी आहे. विकिपीडियाचे सगळे लेख, त्यांतली चित्रं आणि आपापसातले दुवे एका ठरावीक दिवशी गोळा करायचे, दाबून एकाच फाइलमध्ये बसवायचे आणि शोधण्यासाठीची सूचीही त्याच फाइलमध्ये ठेवायची. या फाइलला 'झिम' म्हणतात. किविक्सचं ॲप ती फाइल उघडतं आणि वाचणाऱ्याला नेहमीचा विकिपीडिया दिसतो.

चित्रांसकट संपूर्ण इंग्रजी विकिपीडियाची झिम फाइल शंभर जीबीच्या वर जाते. मराठीची त्या मानानं अगदी छोटी, जुन्या फोनच्या मेमरी कार्डात सहज मावणारी. इतका फरक का, हा प्रश्न तांत्रिक नाही. त्याकडे पुढे येऊ.

प्रत्येकाकडे ही फाइल असायलाच हवी असंही नाही. एका यंत्रात ती ठेवून त्या यंत्राचा वाय-फाय सुरू केला, की आसपासचे फोन त्याला जोडले जातात. फोनमध्ये सिम नसलं तरी चालतं. ब्राउझर उघडायचा, पत्ता टाकायचा आणि वाचायचं. शाळेच्या एका वर्गाला किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या आठ-दहा जणांना एवढं पुरतं. हे यंत्र म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरतात, जुना लॅपटॉप वापरतात आणि अलीकडे तर काच तडकलेला अँड्रॉइड फोनही चालतो, कारण किविक्सच्या फोनवरच्या ॲपमध्येच ही वाटपाची सोय आहे.

नेटशिवाय माहिती हातोहात फिरवणं ग्रामीण भागाला नवं नाही. स्मार्टफोन स्वस्त होण्याआधी आठवडी बाजारात मेमरी कार्डात गाणी आणि सिनेमे भरून देणारी दुकानं होती. संगणकाला कार्ड जोडायचं, यादीतून हवं ते सांगायचं, थोडे पैसे द्यायचे. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वरा' या उपक्रमानं हीच सवय बातम्यांसाठी वापरली. पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात लोक फोनवरून आपल्या भाषेत बातमी नोंदवायचे. पुढे या ध्वनिफिती ब्लूटूथनं एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये, एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ लागल्या. 'बुल्टू रेडिओ' असं त्याचं नाव. ब्लूटूथचं हे गावाकडचं नाव कुठल्याही कंपनीला सुचलं नसतं.

जुना संगणक पुन्हा उभा करायला काय लागतं?

शहरातल्या कार्यालयानं 'दान' दिलेला लॅपटॉप उघडला, की त्यात बहुतेक वेळा त्याच चार गोष्टी बिघडलेल्या सापडतात. बॅटरी मेलेली असते. हार्ड डिस्क संथ झालेली किंवा जाणीवपूर्वक काढून घेतलेली असते. पंख्यात धूळ बसलेली असते. आणि आतला नाण्याएवढा सेल संपल्यामुळे दर वेळी तारीख चुकते. हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती टाकली, तर दहा वर्षांचा लॅपटॉपही कोश वाचण्यापुरता व्यवस्थित चालतो. लिनक्सला परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि विंडोज १० चं काय झालं याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

हार्ड डिस्क काढून घेतली तर तक्रार करू नये. सरकारी कार्यालयातल्या संगणकात लोकांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, बँक खाती असतात. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. डिस्क कोरी न करता यंत्र देणं हे त्याच्या आधीही बेजबाबदारपणाचंच होतं.

वीज हा दुसरा मुद्दा. जुना लॅपटॉप साधारण ३० ते ६० वॅट खातो. रास्पबेरी पाय दहा वॅटच्या आत भागवतो आणि जुना फोन त्याहून कमी. सौर पॅनेलवर चालवायचं तर हा फरक मोठा ठरतो, कारण पॅनेल, बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर यांचा खर्च वॅटवर वाढत जातो. म्हणून जंगलातल्या गावासाठी जुना लॅपटॉप हीच सर्वांत स्वस्त सोय, हे नेहमी खरं नसतं. जे यंत्र फुकट मिळालं, तेच सर्वांत महाग पडू शकतं.

जुन्या फोनचा धोका वेगळा आहे. सतत चार्जिंगला लावून ठेवलेल्या फोनची बॅटरी फुगते. उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत तो त्याहून वर. बॅटरी तपासणारा माणूस नसेल, तर असा फोन शाळेत न ठेवलेलाच बरा.

महाराष्ट्रानं हे आधी करून पाहिलंय

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातली खैरात-धनगरवाडा ही एकशिक्षकी शाळा. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये इथं झाला. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानं ही योजना नाकारली होती. तरीही हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप खैरातच्या वीस-बावीस मुलांच्या हाती आले. या लॅपटॉपमध्ये नेटशिवाय वाचता येईल असा निवडक विकिपीडियाही बसवता येत असे. म्हणजे आज ज्या कल्पनेविषयी नव्यानं बोललं जातं, ती महाराष्ट्रातल्या एका वाडीवर अठरा वर्षांपूर्वी येऊन गेली आहे.

या योजनेचा सर्वांत नीट अभ्यास झाला तो पेरूमध्ये. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅपटॉपमध्ये दोनशेच्या आसपास पुस्तकं भरलेली होती. मुलांना संगणक वापरता येऊ लागला, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही.

आपल्याकडे उलट अनुभव देणारी शाळाही आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाडा इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी गावकऱ्यांच्या मदतीनं कमी खर्चातली डिजिटल वर्गखोली उभी केली आणि ती राज्यभरातल्या 'डिजिटल शाळां'साठी नमुना ठरली. पुढे हजारो शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब आले. त्याच काळात थकीत बिलापायी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्याही येत राहिल्या. पष्टेपाड्यात यंत्राआधी एक शिक्षक होता आणि त्याच्या मागं गाव होतं. अनेक ठिकाणी आधी यंत्र आलं, मग त्याला सांभाळणारं कोण याचा शोध सुरू झाला.

केरळनं वेगळी वाट धरली. मल्याळम विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी एप्रिल २०१० मध्ये ५०० निवडक लेखांची सीडी काढली. सगळा विकिपीडिया एका दमात भरण्याऐवजी माणसांनी बसून, वाचून, तपासून लेख निवडले. सरकारच्या 'आयटी@स्कूल' प्रकल्पामुळे संगणक आणि लिनक्स शाळांमध्ये आधीच होतं. पाचशे लेख हा आकडा छोटा आहे, पण प्रत्येक लेख कुणीतरी पाहिलेला होता.

कोशात आहे काय, आणि कुणाच्या भाषेत?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि दुरुस्तीच्या दुकानात तो सुटत नाही.

इंग्रजी विकिपीडियात ७० लाखांहून अधिक लेख आहेत. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात एक लाखाच्या आसपास. त्यांतले बरेच लेख दोन-चार ओळींचे आहेत: अमुक गाव तमुक तालुक्यात आहे, अमुक खेळाडूचा जन्म तमुक साली झाला. मराठी फाइल मेमरी कार्डात सहज मावते, ती यामुळे. विज्ञान, आरोग्य, कायदा या विषयांवर सविस्तर मराठी लेख शोधायला गेलं, की मध्येच रस्ता संपतो. नेट असलं तर माणूस दुसरीकडे शोधतो. नेटशिवायच्या कोशात जे भरलं तेवढंच जग.

मराठीकडे आणखी एक मोठा साठा आहे. मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत काम सुरू झालं, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि एकूण वीस खंड झाले. २०११ पासून तो इंटरनेटवर येऊ लागला आणि आज मोफत वाचता येतो. त्याच्याही आधी, १९२०च्या दशकात, श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गावोगावी वर्गणीदार जमवून २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तडीस नेला होता. केतकरांचं निधन १९३७ चं, त्यामुळे त्यांचं लेखन आता प्रताधिकारमुक्त आहे.

पण संकेतस्थळावर मोफत वाचता येणं आणि संपूर्ण कोश उतरवून घेऊन शेकडो यंत्रांत वाटता येणं यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी मुक्त परवाना लागतो. म्हैसूर विद्यापीठानं आपला १४ खंडांचा कन्नड विश्वकोश २०१४ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. केरळ सरकारच्या सर्वविज्ञानकोशाचा मजकूरही मुक्त परवान्याखाली आला. महाराष्ट्राला आपला विश्वकोश पर्लकोटेच्या पलीकडे न्यायचा असेल, तर विश्वकोश मंडळानं स्वतःच त्याची झिम फाइल तयार करून द्यावी. खर्चाच्या मानानं हे काम किरकोळ आहे. एका कार्यालयाची इच्छा आणि एका अभियंत्याचे काही आठवडे, एवढाच हिशेब.

मराठीचा प्रश्न सुटला तरी आलापल्लीच्या पुढे तो सुटत नाही. एटापल्ली-भामरागडच्या बहुतेक गावांत घरी माडिया किंवा गोंडी बोलली जाते, सिरोंचाकडे तेलुगू. पहिलीत आलेल्या मुलासाठी मराठी ही शाळेची भाषा असते. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार लोक होते. तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा शिक्षण विभागानं ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. गावाला आपल्या भाषेत शिकायचं आहे आणि त्यासाठी गाव कोर्टात जायला तयार आहे, हे एवढ्यावरून कळावं.

गोंडीत काहीच नाही, असंही नाही. हेमलकसाच्या लोकबिरादरी प्रकल्पानं माडियात सुरुवातीच्या वाचनाचं साहित्य तयार केलं आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या मुक्त परवान्याच्या संग्रहात गोंडी गोष्टी आहेत. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप आणलं, त्यात सुरुवातीच्या भाषांत गोंडी आहे. यंत्राच्या भाषांतरावर पहिलीचं पुस्तक सोपवणं घाईचं होईल. पण जे आधीच तयार आहे आणि वाटायला मोकळं आहे, ते यंत्रात सर्वांत वर ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ध्वनिफिती. बुल्टू रेडिओनं ते दाखवलंच आहे.

गावाला हवी असलेली माहिती

धानोरा तालुक्यातलंच मेंढा-लेखा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. तिथं देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी ग्रामसभेच्या जोडीला 'अभ्यासगट' चालवला. निर्णय घेण्याआधी विषयाची माहिती जमवायची, जाणकाराला बोलवायचं, चर्चा करायची आणि मग ग्रामसभेत बसायचं. बांबू कुणाचा, तो कोण विकणार, कायदा काय म्हणतो, हे प्रश्न या रीतीनं सोडवले गेले. त्यात संगणक नव्हता.

नेटशिवायच्या कोशाची जागा अशा अभ्यासगटाच्या मध्यभागी आहे. तिथं लागणारी पानं सर्वसाधारण विकिपीडियात क्वचित मिळतात: वनहक्क कायद्याचे नियम, पेसाची कलमं, तेंदूपानाच्या लिलावाची पद्धत, सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा नमुना, साप चावल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका. शेवटच्या गोष्टीला हसू नये. या भागातल्या तरुणांना कोशाकडे सर्वांत आधी ओढून आणेल ती भरतीची तयारीच. गडचिरोली पोलिसांच्या 'दादालोरा खिडकी' उपक्रमातून 'एक गाव, एक वाचनालय' या नावानं वाचनालयं उघडली गेली, तिथंही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना जागा आहे. यंत्र ठेवायला ही वाचनालयं, आश्रमशाळा आणि ग्रामसभांची कार्यालयं अशा तयार जागा आहेत.

माहिती एकाच दिशेनं वाहते, ही या व्यवस्थेची आणखी एक उणीव. झिम फाइल वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनासोरचे जीवाश्म सापडले आहेत. डायनासोरवरचा लेख वाचणाऱ्या तिथल्या मुलाला वडधमचं नाव त्या लेखात सापडलं नाही, तर ते घालायची सोय त्याच्यासमोर नाही. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी मराठी विकिपीडियावर लिहिण्याचा आग्रह वर्षानुवर्षं धरला तो याच कारणासाठी. जैवविविधता कायद्यानुसार गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत. मोहाची फुलं केव्हा पडतात, कुठल्या डोहात कोणते मासे, हे त्यांत आहे. त्यांतला जो भाग ग्रामसभेला खुला करायचा असेल तो स्थानिक यंत्रात घालता येईल. सगळा नव्हे. औषधी वनस्पतींची माहिती बाहेर गेली की तिचं काय होतं याचा अनुभव आदिवासी गावांना आहे, आणि काय द्यायचं, काय राखायचं हे त्यांनीच ठरवलेलं बरं.

यंत्र सांभाळायचं कुणी?

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांची काळजी घरीच घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. ३९ गावांत अर्भकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले. वैद्यकीय ज्ञान तिथं गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीच्या हातून घरात पोहोचलं. पुस्तक तिच्या पिशवीत होतं, पण दार उघडत होतं तिच्यासाठी. ज्ञानकोशाच्या यंत्रालाही असा गावातला माणूस लागेल: पॅनेल पुसणारा, कार्ड बदलणारा, आजीला हवं ते पान वाचून दाखवणारा. त्याला मानधन द्यावं लागेल. फुकट यंत्रांच्या योजनांत हा खर्च सहसा धरलेला नसतो.

दुसरी अडचण कागदावरची आहे. सरकारी शाळेत आलेली वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे सगळे ज्याला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात त्यात चढते. एकदा चढली की ती मोडली, हरवली तर उत्तर मुख्याध्यापकानं द्यायचं. निर्लेखन होईपर्यंत ती फेकताही येत नाही. त्यामुळे सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे ती कपाटात कुलूपबंद ठेवणं. यात मुख्याध्यापकाचा दोष नाही, नियमच तसे आहेत. दान आलेल्या जुन्या यंत्रासाठी 'वापरून खराब झालं तर चालेल' अशी स्पष्ट नोंद जिल्हा परिषदेनं किंवा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयानं करून दिली, तर कपाटं उघडतील. अहेरी आणि भामरागड इथं अशी प्रकल्प कार्यालयं आहेत.

तिसरी अडचण कचऱ्याची. 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर'नुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचा नोंदणीकृत पुनर्वापर झाला. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ग्राहकांनी असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचा असतो. चालू लॅपटॉप कचऱ्यात मोडत नाही. पण तीन वर्षांनी तो भामरागडच्या एखाद्या पाड्यावर बंद पडेल, तेव्हा तो कचराच असेल, आणि त्या जंगलात शिसं आणि लिथियम घ्यायला कुणी येणार नाही. भंगारवाला तांब्यासाठी तार जाळेल. म्हणून लॅपटॉप देणाऱ्या कंपनीनं तो परत नेण्याची हमीही त्याच वेळी लेखी द्यायला हवी. ही अट ऐकून किती देणगीदार मागं हटतात, त्यावरून त्यांना दान करायचं होतं की गोदाम रिकामं करायचं होतं ते समजेल.

मग स्टारलिंक आल्यावर?

उपग्रहाची तबकडी ग्रामपंचायतीवर बसली, तर या यंत्रांचं काम संपत नाही, ते बदलतं. शंभर जीबीची फाइल गावातल्या प्रत्येक फोननं उतरवण्यापेक्षा एका यंत्रानं रात्री एकदा उतरवावी आणि दिवसा सगळ्यांना द्यावी, हे स्वस्त पडतं. ढग दाटले, वीज गेली, महिन्याचे पैसे थकले, तरी वाचन चालू राहतं. शिवाय कोश ताजा राहतो. नेट नसेल तर जुनी प्रत तशीच चालत राहते, तिच्यातली चूक, बदललेला कायदा, कुणी खोडसाळपणे घातलेली ओळ, सगळं तसंच. वाचणाऱ्याला निदान एवढं कळायला हवं, म्हणून यंत्राच्या पहिल्याच पानावर 'ही प्रत अमुक तारखेची आहे' हे मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि गोंडीत लिहिलेलं असावं.

नेट येईपर्यंतचं वेळापत्रक मात्र पावसाकडे पाहून ठरवावं लागेल. तेंदूपानाचा हंगाम मे महिन्यात संपत येतो आणि लोक बाजारासाठी आलापल्ली-अहेरीला येतात. तेव्हा कार्ड नव्यानं भरून घेतलं, बॅटरी तपासली, तर ते यंत्र पूर ओसरून दिवाळीनंतर रस्ता कोरडा होईपर्यंत पुरेल.